पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद

(कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आमच्यासोबत ट्रॅक डेला, म्हणजे फी भरून आपली बाईक रेस ट्रॅकवर चालवायला, येणाऱ्या रायडर मंडळींसाठी)

पुण्याहून सुमारे बाराशे किलोमीटरवर टेम्पोत घालून बाईक न्यायची आणि २० मिनिटांच्या सेशनमधली निम्मी मिनिटं पिट लेनमध्ये (ट्रॅकलगतच्या थांबायच्या गल्लीत) घाम पुसत बसायचं, हे कोणालाच परवडत नाही. तरी दर खेपेला कोणा ना कोणा ग्रुपवर ही पाळी येते. बहुतेक वेळा कारण एकच: पिवळ्या झेंड्याखाली केलेलं ओव्हरटेक.

पिवळा म्हणजे पुढे धोका, हे सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो असा. मार्शल, म्हणजे ट्रॅककडेचा सुरक्षा कर्मचारी, झेंडा हलवतो, पुढचा रायडर तो बघतो आणि थ्रॉटल सोडतो. मागच्याची नजर पुढच्याच्या मागच्या टायरला चिकटलेली, झेंडा त्याच्या गावीही नसतो. त्याला वाटतं गडी दमला, हाच चान्स! तो आतून घुसतो, आणि वळणापलीकडे दोन मार्शल पडलेली बाईक मातीतून ओढत असतात. ताशी १२० किलोमीटरला बाईक सेकंदात ३३ मीटर जाते. तिथून सावरायला वेळ कुठून आणणार?

म्हणून पुढचा विनाकारण स्लो झाला असं वाटलं, की आधी मार्शल पोस्टकडे, म्हणजे मार्शल झेंडे घेऊन उभा असतो त्या जागेकडे, बघा. कारण बहुधा तिथेच सापडतं. पडलेली बाईक मागे टाकली म्हणजे मोकळं झालो असंही नाही. पुढच्या पोस्टवर हिरवा झेंडा दिसेपर्यंत ओव्हरटेक बंदच. आणि कचकन ब्रेक मारू नका. मागे कोणीतरी असतोच.

हा नियम मोडला तर पहिल्यांदा पिटमध्ये बोलावून समज देतो. दुसऱ्यांदा ते सेशन गेलं, पैसे परत नाहीत. ‘अहो, झालं तर काहीच नाही ना?’ असं म्हणून वाद घालणारे भेटतात. पण ट्रॅकचं भाडं, ॲम्ब्युलन्स, मार्शल यांचे पैसे तुमची बाईक फिरो न फिरो, आम्हाला मोजावेच लागतात. शिवाय मोटोजीपी या जागतिक बाईक रेसच्या सरावातसुद्धा पिवळ्या झेंड्याच्या टप्प्यातून गेलेल्याचा लॅप टाइम रद्द होतो. मग आपण कोण लागून गेलो?

निळ्याची गंमत उलटी आहे. निळा झेंडा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगाने कोणीतरी येतंय. हायवेवर मागून हॉर्न वाजला की साइड द्यायची सवय आपल्या हाडीमासी मुरलेली, त्यात टीव्हीवर फॉर्म्युला वनच्या मागे पडलेल्या गाड्या बाजूला होताना पाहिलेल्या. ट्रॅक डेला असलं सौजन्य नको. मागून येणाऱ्याने कुठून जायचं ते आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही ऐन वेळी बाजूला सरकलात की नेमके त्याच्याच वाटेत येता. आपली लाइन, म्हणजे चालू वाट, धरून चालवा, तो बघून घेईल. मागे वळून तर बघूच नका.

बाकीचे थोडक्यात. लाल: सेशन थांबलं, डावा हात वर करून मागच्याला कळवा, वेग हळूहळू कमी करत पिटमध्ये या. पिवळ्यावर लाल पट्टे: पुढे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत तुमचा नंबर: तुमच्याच बाईकमध्ये बिघाड, बहुधा ऑइल गळतंय. लगेच रेसिंग लाइन (सगळे ज्या वाटेने बाईक पळवतात ती) सोडा आणि ट्रॅकबाहेर सुरक्षित जागी थांबा. ‘पिटपर्यंत तर नेतो’ म्हणणारे ट्रॅकभर ऑइलची रांगोळी घालतात, आणि ती पुसेपर्यंत सगळ्यांचा खोळंबा. चौकडीचा झेंडा: सेशन संपलं, एक संथ लॅप घेऊन आत. ‘अजून एक’ नाही. पुढचा ग्रुप हेल्मेट घालून उभा असतो.

दुसऱ्या सर्किटवर एखाद्या झेंड्याचा अर्थ थोडा वेगळा असू शकतो, म्हणून आमच्याकडे ब्रीफिंग अनुभवी रायडरलाही चुकत नाही. पहिल्या सेशनचे सुरुवातीचे लॅप इन्स्ट्रक्टरच्या मागे संथपणे काढतो, आणि प्रत्येक पोस्ट आली की तो हाताने दाखवतो. ब्रेकिंगच्या खुणा लक्षात ठेवता तशाच या पोस्टही ठेवा. हे फीमध्येच आलं.

आपण कुठे बघत चालवतो हे ज्यांना तपासायचं आहे त्यांच्या बाईकवर कॅमेरा लावून जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ दाखवतो. कितीतरी जण ‘झेंडा नव्हताच’ म्हणत बसतात आणि पडद्यावर झेंडा बघून गप्प होतात. याचे पैसे वेगळे. कॅमेरे मोजकेच आहेत, त्यामुळे बुकिंग करतानाच सांगा.