जोडलेल्या स्प्रेडशीट आणि त्यांची देवाणघेवाण

जोडलेल्या स्प्रेडशीट : एका फाइलच्या सेलमध्ये दुसऱ्या फाइलमधला आकडा सूत्राने आणलेला असेल, तर त्या फाइली एकमेकींना जोडलेल्या किंवा ‘लिंक केलेल्या’ म्हणतात. जिथून आकडा येतो ती मूळ फाइल. अशी फाइल दुसऱ्याला दिली की लिंक तुटते, ही नेहमीची तक्रार.

लिंक म्हणजे खरे तर नुसता पत्ता. एक्सेलमध्ये फोल्डरचा मार्ग, चौकटी कंसात फाइलचे नाव, मग शीट आणि उद्गारचिन्हानंतर सेल असा तो लिहिलेला असतो. मूळ फाइल उघडी असेपर्यंत मार्ग सूत्रात दिसतही नाही, त्यामुळे आपण कुठल्या फोल्डरवर विसंबून आहोत हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शिवाय शेवटचे आणलेले आकडे फाइलमध्येच साठवलेले असतात. लिंक तुटली तरी तक्ता भरलेला, ठीकठाक दिसतो आणि शिळे आकडे ताजे म्हणून वाचले जातात. पत्त्यावरचा सेल सापडत नाही असे सांगणारी ‘रेफ’ची (#REF!) चूक समोर आली तर ते एका परीने बरेच म्हणायचे.

दोन्ही फाइली एकाच फोल्डरात असल्या की एक्सेल एकीपासून दुसरीचा सापेक्ष पत्ता, म्हणजे पूर्ण मार्गाऐवजी ‘शेजारची फाइल’ अशी खूण, ठेवते. म्हणून सगळा फोल्डर नावे न बदलता, झिप करून दिला, तर नव्या संगणकावरही लिंक सहसा टिकते. मात्र झिप आधी पूर्ण उलगडावी लागते; आतूनच फाइल उघडली तर शेजारची सापडत नाही. सामायिक सर्व्हरवर ड्राइव्हचे अक्षर प्रत्येकाच्या संगणकावर वेगळे असू शकते, तेव्हा सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा मार्ग वापरणे बरे. पत्ता चुकलाच तर ‘एडिट लिंक्स’मधून (नव्या एक्सेलमध्ये ‘वर्कबुक लिंक्स’मधून) मूळ फाइल बदलता येते.

पत्ता बरोबर असूनही आकडा चुकू शकतो. जोडलेली फाइल बंद असताना मूळ शीटमध्ये कुणी ओळ घातली, तर सूत्र जुन्याच सेलकडे बोट दाखवत राहते. सेलऐवजी नाव दिलेली रेंज (सेल किंवा सेलचा गट) जोडली की हा घोळ टळतो. ‘इनडायरेक्ट’ (मजकुरातून पत्ता घडवणारे) आणि ‘समइफ’ (अटीत बसणाऱ्या आकड्यांची बेरीज करणारे) ही फंक्शने तर मूळ फाइल बंद असताना चूकच दाखवतात.

गूगल शीट्समध्ये दुसऱ्या फाइलमधले आकडे आणणारे ‘इम्पोर्टरेंज’ हे फंक्शन फाइलच्या ओळखक्रमांकावर चालते. नाव बदलले, फोल्डर बदलला तरी बिघडत नाही. पण मूळ फाइलची प्रत काढली की तिचा क्रमांक नवा. पहिल्यांदा परवानगी द्यावी लागते, आणि ती देणाऱ्यालाच मूळ फाइलवरून काढून टाकले की जोडणी संपते. एक्सेलमध्ये बाहेरची माहिती आणणाऱ्या ‘पॉवर क्वेरी’ या साधनात पासवर्ड फाइलबरोबर जात नाही, तो घेणाऱ्याने स्वतः भरायचा असतो.

घेणाऱ्याला फक्त आकडे हवे असतील तर लिंक मुद्दाम तोडावी, म्हणजे सूत्रांच्या जागी नुसते आकडे उरतात. हे उलटवता येत नाही, म्हणून प्रतीवरच करावे. मात्र रोजच्या कामात लिंकऐवजी हाताने आकडे डकवणे हा उपाय नव्हे : जेपी मॉर्गन बँकेच्या 2012 मधील प्रचंड तोट्याच्या चौकशीत, जोखीम मोजणारे गणित एक्सेल फाइलींमध्ये हाताने कॉपी-पेस्ट करून चालत असल्याचे आढळले होते.

गोपनीयतेची बाजू बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मूळ फाइल दिली नाही, तरी तिच्यातून आणलेले आकडे जोडलेल्या फाइलबरोबर जातात. ‘इम्पोर्टरेंज’ला परवानगी दिली, तर नव्या शीटचा कोणताही संपादक मूळ फाइलचा कोणताही भाग ओढून आणू शकतो, मग सूत्रात एकच रकाना का असेना.