सौम्य पण चिवट मुरुमांवरील औषधयोजना

चेहऱ्यावर, छातीवर किंवा पाठीवर संख्येने थोडे, पण महिनोन्महिने येतच राहणारे मुरूम म्हणजे सौम्य व चिवट तारुण्यपीटिका. त्यांत मुख्यतः काळ्या तोंडाच्या आणि त्वचेखाली बंद राहिलेल्या पांढरट पुटकुळ्या असतात, सोबतीला मोजक्या लाल किंवा पिवळ्या टोकाच्या पुळ्या असतात. खोल, दुखऱ्या गाठी नसतात. फेसवॉश आणि दुकानात सहज मिळणारी क्रीम वापरूनही दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांचा विचार करावा. पुळ्या मोजक्या आहेत म्हणून दुर्लक्ष करणे गव्हाळ व सावळ्या त्वचेला विशेष महागात पडते. अशा त्वचेवर पुळी आठवड्याभरात बसते, तिचा काळपट डाग मात्र कित्येक महिने राहतो.

औषध निवडण्याआधी मुरूम कसा तयार होतो हे पाहावे लागते. केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी पौगंडावस्थेत संप्रेरकांच्या प्रभावाने जास्त तेल स्रवू लागतात. त्याच वेळी केशकूपाच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून साचतात, तेल आत अडकते, त्यात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जीवाणू वाढतो आणि दाह सुरू होतो. डोळ्यांना पुटकुळी दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी ही कोंडी झालेली असते. म्हणून दिसणाऱ्या पुळीपुरते मलम टेकवल्याने उपयोग होत नाही. जिथे मुरूम येतात तो सगळा भाग औषधाखाली यायला हवा.

कोंडी मुळातच होऊ न देणारा औषधगट म्हणजे रेटिनॉइड, आणि सौम्य मुरुमांच्या बहुतेक उपचारांचा पाया तोच असावा. ट्रेटिनॉइन हे त्यातले जुने औषध अमेरिकेत १९७१ पासून वापरात आहे. अ‍ॅडापलीन १९९६ मध्ये तिथे मान्य झाले आणि तुलनेने कमी जळजळ करणारे ठरल्याने २०१६ पासून त्याचे ०.१ टक्क्याचे जेल तिथे चिठ्ठीशिवायही मिळते. नुसत्या पुटकुळ्या असतील तर एकटे रेटिनॉइड बहुधा पुरते. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढ्या जेलचा पातळ थर सगळीकडे पसरतात. पहिल्या दोन-चार आठवड्यांत त्वचा कोरडी होते, साल निघते, मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. बहुतेकांचे उपचार इथेच सुटतात, आणि ‘औषध लागू पडले नाही’ असा समज कायमचा बसतो. सुरुवातीला एक रात्र आड लावणे, वर साधे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन वापरणे एवढ्याने हा काळ बऱ्यापैकी सुसह्य होतो. चिठ्ठी देताना हे सांगण्यात गेलेली पाच मिनिटे औषधाइतकीच मोलाची असतात. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना मात्र रेटिनॉइड टाळतात.

लाल पुळ्याही असतील तर जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड देतात. ते जीवाणू मारते आणि त्याला जीवाणूंमध्ये प्रतिरोध निर्माण होत नाही. २.५ टक्क्यांचे जेल १० टक्क्यांच्या जेलइतकेच गुणकारी ठरते आणि कमी झोंबते, त्यामुळे जास्त ताकदीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. टॉवेल, उशीचे अभ्रे आणि रंगीत कपड्यांचा रंग त्याने उडतो, हे आधीच सांगितलेले बरे. जुन्या बनावटीचे ट्रेटिनॉइन त्याच्या संपर्कात निष्प्रभ होते, म्हणून एक सकाळी आणि एक रात्री लावतात. अ‍ॅडापलीनला ही अडचण नाही, दोन्ही एकाच जेलमध्ये मिळतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत ही जोडी पहिल्या पर्यायांपैकी एक आहे.

क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक जेल भारतात फार सहज लिहून दिले जाते. ते एकटे वापरू नये. काही आठवडे छान गुण येतो, मग प्रतिरोधी जीवाणू उरतात आणि मुरूम परततात. बेंझॉइल पेरॉक्साइडसोबत आणि ठरावीक मुदतीपुरतेच ते द्यावे.

ज्यांची त्वचा नाजूक आहे, ज्यांना मुरुमांपेक्षा डागांचा त्रास अधिक आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांच्यासाठी अ‍ॅझेलाइक आम्ल उत्तम पर्याय आहे. १५ ते २० टक्क्यांचे हे जेल किंवा क्रीम मुरूम आणि काळपटपणा दोन्हींवर हळूहळू काम करते.

भारतात या विषयाची सर्वांत दुःखद बाजू स्टिरॉइडयुक्त मलमांची आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड यांचे मिश्रण वांगावर मर्यादित काळासाठी वापरायचे औषध आहे. मेडिकलमधून किंवा शेजारच्यांच्या सल्ल्याने ते मुरूम घालवायला आणि चेहरा उजळायला घेतले जाते. आठवड्याभरात चेहरा नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि स्टिरॉइडमुळेच एकसारख्या पुळ्यांचे पीक येते. मलम थांबवताच चेहरा भडकतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेविरुद्ध सातत्याने आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडयुक्त अनेक मलमे अनुसूची ‘एच’ खाली, म्हणजे चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत आणली. तरीही ट्यूबवरील घटक वाचून घेणे शहाणपणाचे. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखाद्या स्टिरॉइडचे नाव दिसले तर ते मुरुमांचे औषध नव्हे.

योग्य औषध नीट लावूनही गुण येत नसेल तर निदान पुन्हा तपासतात. कपाळावर, छातीवर आणि पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुळ्या बुरशीमुळे असू शकतात. कोकणासारख्या दमट हवेत अशा पुळ्यांना पोषक स्थिती असते. त्यांवर प्रतिजैविके दिल्यास त्या वाढतात. केसांना चोपडलेले तेल कपाळावर उतरत असेल तर तिथल्या पुटकुळ्या तेल कमी केल्याशिवाय हटत नाहीत. मुलींमध्ये व स्त्रियांमध्ये हनुवटी-जबड्यावरचे मुरूम, अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर वाढते केस एकत्र दिसले तर पीसीओएस या संप्रेरकांच्या असंतुलनाच्या विकाराची तपासणी करतात. तिथे संप्रेरकांवर काम करणाऱ्या गोळ्यांचा विचार होतो.

उपचाराचा हिशेब साधारण १२ आठवड्यांनी करतात, त्याआधी औषध बदलत राहणे हे मुरूम चिवट राहण्याचे नेहमीचे कारण आहे. गुण आला की प्रतिजैविक आधी बंद होते, रेटिनॉइड मात्र पुढे चालू ठेवतात, कारण नव्या कोंड्या होणे थांबलेले नसते. १२ आठवड्यांनीही फरक नसेल, किंवा खड्डे पडू लागले असतील, तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या मुदतीपुरत्या जोडतात. आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचे रेटिनॉइड तीव्र किंवा व्रण सोडणाऱ्या मुरुमांसाठी राखलेले असते. गर्भाला त्यापासून गंभीर धोका असल्याने स्त्रियांना ते गर्भधारणा नसल्याची खात्री करून आणि खात्रीशीर गर्भनिरोधनासहच देतात.