मॉडेलचा आकडा किती खरा मानायचा?
(हवेच्या अहवालासोबत ग्राहकांना दिले जाणारे माहितीपत्रक, नागपूर)

सप्रेम नमस्कार,

अहवाल हाती आला की बहुतेक जण आधी शेवटचा तक्ता उघडतात. पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा ६० च्या आत दिसला की फाइल बंद. ६० ही आपल्याकडची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा आहे, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. वर्षभराच्या सरासरीला ती ४० आहे. पण तक्त्यात ५४ लिहिले असेल, तर ते कुठल्या यंत्राने मोजलेले नाही. तुमच्या धुरांड्यातून काय बाहेर पडते, वारा कसा होता आणि आसपासची हवा आधीच किती मळलेली होती, यावरून संगणकावरच्या मॉडेलने काढलेला तो हिशेब आहे. हा हिशेब कुठे पक्का असतो आणि कुठे घसरतो, हे ग्राहकाला माहीत असलेच पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

सुरुवातीच्या काळातले एक काम सांगतो. हिंगण्याकडचा गिट्टी क्रशर, डिसेंबर महिना. मॉडेलने हवा बरीच स्वच्छ दाखवली. मालकाच्या आवारात ठेवलेल्या, हवा खेचून कण फिल्टरवर धरणाऱ्या यंत्रातून चोवीस तासांनी फिल्टर काढला, तर पांढरी चकती राखाडी काळी पडलेली. वजन केले तेव्हा कळले की मॉडेलने निम्म्याहूनही कमी सांगितले होते. चूक आमची होती.

झाले होते असे. थंडीत नागपुरात रात्री वारा पडतो. जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडतो. आम्ही वापरतो ते एरमॉड हे मॉडेल वारा शांत असलेले तास सरासरीतून वगळते. म्हणजे धूर सर्वांत जास्त साचतो, नेमके तेच तास हिशेबाबाहेर! शिवाय मजुरांच्या शेकोट्या आणि पलीकडच्या शेतात जळणाऱ्या पऱ्हाट्या आमच्या यादीत नव्हत्याच. जे यादीत नाही, ते मॉडेलला दिसत नाही. आता थंडीतल्या कामाला शांत तासांचा हिशेब वेगळा जोडतो आणि परिसरात पहाटे एकदा स्वतः फिरून येतो.

दुसरी अडचण रसायनाची आहे. सगळेच बारीक कण धुरांड्यातून कण म्हणून निघत नाहीत. कोळसा जळताना सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो आणि पुढे काही तासांत, काही दिवसांत हवेतच त्याचे सल्फेटचे कण बनतात. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या उंच धुरांड्यांतला वायू कण होईपर्यंत कितीतरी लांब गेलेला असतो. एरमॉड हे रसायन मोजत नाही. ते मोजणारी मोठी मॉडेल्स असतात, पण त्यांच्या चौकटी, म्हणजे नकाशावरचे एकच आकडा मिळणारे चौकोन, मोठ्या. मोबाइलवरची काही अ‍ॅप्स ज्या जागतिक अंदाजांवर चालतात, त्यांतल्या एका प्रसिद्ध अंदाजाची चौकट साधारण ४० किलोमीटरची आहे. बुटीबोरीपासून कोराडीपर्यंत सगळ्यांना जवळपास एकच आकडा! तुमच्या गेटसमोरचा रस्ता त्यात कुठून दिसणार?

मग किती चूक चालते? २००६ मध्ये बॉयलन आणि रसेल या संशोधकांनी मोठ्या मॉडेल्ससाठी एक मोजपट्टी सुचवली. आकडा सतत वर किंवा खाली राहण्याचा कल ३० टक्क्यांच्या आत आणि एकूण चूक ५० टक्क्यांच्या आत असेल तर मॉडेल उत्तम. ६० आणि ७५ टक्क्यांपर्यंत चालण्यासारखे. ऐकून दचकू नका, बारीक कणांचे गणित इतके अवघड आहेच. म्हणून अमुक दिवशी सकाळी आठला किती, असे मॉडेलला विचारू नये. बॅग फिल्टर (धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या) बसवल्यावर किती फरक पडेल, धुरांडे उंच केले तर कोणत्या वस्तीवरचा भार कमी होईल, हे जरूर विचारावे. दोन्ही वेळी वारा तोच धरलेला असतो, त्यामुळे त्यातली बरीचशी चूक तुलनेत कापली जाते.

आमच्या प्रत्येक अहवालात ‘पडताळणी’ नावाचे पान असते: मॉडेलचा आकडा आणि फिल्टरचे वजन शेजारी शेजारी. तक्त्याआधी ते पान वाचा. दुसऱ्या कुणाकडून अहवाल घेतला तरी हे पान मागा. भिंतीवरच्या स्वस्त सेन्सरचा आकडा पडताळणीला आम्ही धरत नाही. पावसाळ्यात आणि धुक्यात कण पाणी पिऊन फुगतात आणि प्रकाशावर चालणारा सेन्सर ते जास्त मोजतो. फिल्टर मात्र ठरलेल्या आर्द्रतेत ठेवूनच तोलला जातो.

यंत्र तुमच्या गच्चीवर असेल तेवढे दिवस जनरेटरचा धूर त्याच्या बाजूला जाऊ देऊ नका, शेजारी झाडू मारू नका आणि लाइट गेली तर वेळ लिहून ठेवा. कुणी जवळ कचरा जाळला तर तेही लिहा, लपवू नका. ती नोंद आम्हाला हवीच आहे.