पार्श्वभूमी : इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतील स्त्री

वैदिक काळात स्त्रियांना मान होता, मध्ययुगात तो गेला आणि एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी तो परत मिळवून दिला, ही मांडणी भारतातील शालेय इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. तिची मुळे राष्ट्रीय चळवळीच्या काळातील इतिहासलेखनात आहेत. गार्गी, मैत्रेयी यांची नावे त्यामुळे मुलांना पाठ झाली. शेतात राबणाऱ्या बाईला किंवा दासीला मात्र या इतिहासात जागा नव्हती.

स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा अहवाल १९७४ मध्ये आला, १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने पाठ्यपुस्तके नव्याने रचण्याचे आश्वासन दिले आणि साचेबद्ध भूमिका काढून टाकण्यासाठी पुस्तके सुधारण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ मध्ये मान्य केला. यातून पुढे आलेला उपाय बहुधा मोजणीचा होता : पुस्तकात स्त्रियांची चित्रे किती, नावे किती. कमतरता भरून काढण्यासाठी धड्याच्या कडेला चौकटी आल्या. मूळ कथानक राजे, लढाया आणि तह यांचेच राहिले, आणि चौकटीतील मजकूर परीक्षेच्या दृष्टीने सोडून देण्याजोगा ठरला.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर निघालेल्या केंद्रीय (एनसीईआरटीच्या) पुस्तकांनी वेगळी वाट धरली. सातवाहन राजांच्या नावांतील ‘गौतमीपुत्र’, ‘वासिष्ठीपुत्र’ ही मातृनामे दाखवून, तरीही गादी वडिलांकडून मुलाकडेच जात होती, हे बारावीच्या पुस्तकाने लगेच स्पष्ट केले. मिठाच्या सत्याग्रहातील स्त्रियांचा सहभाग सांगताना, त्यांना अधिकाराची पदे देण्यास काँग्रेस दीर्घकाळ अनुत्सुक होती, हेही दहावीच्या पुस्तकाने लपवले नाही.

सर्वाधिक वाद मात्र नववीतील वेशभूषेच्या इतिहासावर झाला. दक्षिणेतील त्रावणकोर संस्थानातील शानार (नाडर) जातीच्या स्त्रियांनी अंगाचा वरचा भाग झाकू नये असा सामाजिक दंडक होता. तो मोडला म्हणून १८२२ मध्ये त्यांच्यावर भररस्त्यात हल्ले झाले. हा संघर्ष पुढे अनेक दशके चालला आणि अखेर १८५९ च्या जाहीरनाम्याने त्यांना वरचे वस्त्र वापरण्याची मुभा दिली, तीही उच्च जातीच्या स्त्रियांसारखे नेसायचे नाही या अटीवर. जात आणि लिंगभाव एकाच वस्त्रात कसे गुंतलेले असतात, हे चौदा वर्षांच्या मुलामुलींना यापेक्षा थेटपणे सांगणारा मजकूर शालेय पुस्तकांत क्वचितच सापडतो. आक्षेप होता तो या समाजाला स्थलांतरित आणि दुय्यम ठरवणाऱ्या वर्णनावर. तो गांभीर्याने घेण्यासारखा होता आणि ती वाक्ये बदलून त्याचे निरसन करता आले असते. प्रत्यक्षात केंद्रीय परीक्षा मंडळाने (सीबीएसई) २०१६ मध्ये परिपत्रक काढून तो भागच अभ्यासक्रमातून वगळला आणि २०१९ मध्ये संपूर्ण प्रकरण पुस्तकाबाहेर गेले. त्यासाठी दिलेले कारण अभ्यासाचा भार कमी करण्याचे होते. त्याच वेळी क्रिकेटचा इतिहास आणि शेतकऱ्यांवरील प्रकरणही गेले, त्यामुळे रोख केवळ स्त्रियांवर होता असे म्हणता येणार नाही. परंतु स्त्रियांचे शरीर आणि त्यावरील सामाजिक नियंत्रण हा विषय ज्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी होता, तेच टाकाऊ ठरले, हे नजरेआड करणे कठीण आहे.

२०१९ मध्येच महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकांतील चित्रे बदलली आणि आईबाबा एकत्र भाजी निवडताना दिसू लागले. या बदलाचे कौतुकही झाले. इतिहासात मात्र चित्र बदलून भागत नाही, कारण तेथे कोणाच्या कृतीला घटना म्हणायचे हाच मूळ प्रश्न असतो. २०२२ मध्ये केंद्रीय पुस्तकांत झालेल्या कपातीत बारावीच्या राज्यशास्त्रातून लोकचळवळींचे प्रकरण गेले. आंध्र प्रदेशातील खेड्यांत दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रियांची हकिकत त्यातच होती. कारण पुन्हा अभ्यासाच्या भाराचेच देण्यात आले.