आयपी पत्ते संपण्याचे भाकीत

इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांसाठीच्या क्रमांकरूपी पत्त्यांचा साठा कधी संपेल, याचा मागणीच्या वेगावरून बांधलेला अंदाज. असे अंदाज मुख्यतः आयपीव्ही४ या १९८१ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीबाबत केले गेले. तिच्यात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. त्यांतलाही आठवा हिस्सा वेगळ्या कामांसाठी बाजूला ठेवलेला. हा साठा २५६ गटांत मोजतात आणि एका गटात सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते येतात. आयाना ही मध्यवर्ती यंत्रणा हे गट पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना देई, आणि त्या पुढे सेवा कंपन्यांना वाटत.

पहिला गाजलेला इशारा १९९० चा. तेव्हा पत्ते ठराविक आकाराच्या वर्गांत वाटले जात. इंटरनेटची प्रमाणके ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या व्हँकुव्हरच्या बैठकीत फ्रँक सोलेन्स्की, फिल ग्रॉस आणि स्यू हेअर्स यांनी ‘ब’ या मधल्या आकाराच्या वर्गातले पत्ते मार्च १९९४ पर्यंत संपतील असे मांडले. ते घडले नाही, कारण इशारा मनावर घेतला गेला: १९९३ मध्ये वर्गांची पद्धतच मोडीत काढून गरजेपुरते लहान-मोठे तुकडे देणे सुरू झाले. पुढे एका पत्त्यामागे अनेक यंत्रे चालवणारे ‘नॅट’ तंत्र आले. १९९४ मधील अभ्यासगटाने मात्र २००५ ते २०११ हा काळ सांगितला होता. तो बरोबर ठरला, तोही शेवटच्या वर्षी. यात नशिबाचा वाटा मोठा.

आशिया-प्रशांत क्षेत्राच्या एपनिक या नोंदणी संस्थेतील जेफ ह्यूस्टन यांनी २००३ पासून या गणिताला शिस्त आणली. वाटपाचे आकडे आणि राउटिंग तक्त्यांत (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे याच्या याद्यांत) प्रत्यक्ष दिसणारे पत्ते यांवरून त्यांचा अंदाज पुढे रोज नव्याने निघू लागला. सुरुवातीला तो बराच निवांत होता. २००५ मध्ये नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे टोनी हेन यांनी जेमतेम पाचेक वर्षे उरल्याचे मांडले, तेव्हा त्यावर वाद झाला.

अडचण वेगाची होती. २००९ मध्ये आयानाने ८ गट दिले आणि वर्षाअखेरीस २६ उरले. शेवटचे ५ गट प्रत्येक प्रादेशिक संस्थेला एकेक द्यायचे आधीच ठरलेले, म्हणजे वाटायला २१. त्याच चालीने ते अडीच वर्षांहून अधिक पुरले असते. पण २०१० या एका वर्षात १९ गट गेले, उरलेले दोन ३१ जानेवारी २०११ ला एपनिकला मिळाले आणि ३ फेब्रुवारीला मायामीत शेवटचे पाच वाटून आयानाचे कोठार रिकामे झाले. (स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००० मध्ये आपला अख्खा गट परत केला होता, त्याचे कौतुकही झाले; २०१० च्या वेगाने तो १९ दिवस पुरला असता.)

प्रादेशिक साठे वेगवेगळ्या वेळी आटले. एपनिक १५ एप्रिल २०११ ला शेवटच्या गटावर आली, युरोपची संस्था सप्टेंबर २०१२ मध्ये. उत्तर अमेरिकेचा मोकळा साठा सप्टेंबर २०१५ मध्ये संपला.

भारत एपनिकच्या क्षेत्रात येतो. शेवटच्या गटातून एका सदस्याला फार तर १,०२४ पत्ते मिळत, २०१९ पासून ५१२. तालुक्याच्या गावात नव्याने ब्रॉडबँड देणाऱ्याला त्यावर हजारो घरे चालवायची, तर अनेक घरे एका पत्त्यामागे बसवावी लागतात. घरच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांतला आकडा दिसला, तर तो हाच प्रकार. दुकानाचा सीसीटीव्ही मोबाइलवर थेट पाहू इच्छिणाऱ्याला मग ‘स्टॅटिक आयपी’, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. मोबाइलवर परिस्थिती बरी, कारण २०१६ मध्ये आलेल्या जिओने सुरुवातीपासून आयपीव्ही६ या १२८ बिटांच्या, म्हणून कितीतरी जास्त पत्ते असलेल्या नव्या पद्धतीवर भर दिला.

तारखांचे भाकीत आता मागे पडले असून अंदाज भावाचे केले जातात. २०११ मध्ये दिवाळखोर झालेल्या नॉर्टेल या दूरसंचार कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारते.