टास्कबार आणि संगणकीय लघुरूपे

टास्कबार म्हणजे संगणकाच्या पडद्याच्या कडेला, बहुधा तळाशी, कायम दिसणारी पट्टी. उघडे प्रोग्राम, स्टार्ट बटण, घड्याळ आणि बारीकसारीक चिन्हे तिच्यावर असतात. ‘कार्यपट्टी’ असा मराठी प्रतिशब्द आहे, पण तो छापील पुस्तकातच राहिला. नागपुरात ती नुसती ‘खालची पट्टी’. संगणकाच्या बोलीतली निम्मी लघुरूपे या ना त्या चिन्हाच्या रूपाने याच पट्टीपाशी भेटतात, म्हणून दोहोंची नोंद एकत्र घेतली आहे.

लघुरूपे दोन तऱ्हेची. काही शब्दासारखी उच्चारतात, काहींचे एकेक अक्षर सुटे म्हणावे लागते. नागपूरकराला हा फरक शिकवावा लागत नाही. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला तो सरळ ‘नीरी’ म्हणतो आणि विमानतळाजवळच्या प्रकल्पाला ‘मिहान’. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मात्र ‘व्हीएनआयटी’ असे एकेक अक्षर उच्चारतो. त्याच चालीने रॅम आणि रॉम (संगणकाच्या स्मृतीचे दोन प्रकार) हे शब्द झाले, तर सीपीयू, यूएसबी, पीडीएफ ही अक्षरेच राहिली. शब्द कोणत्याही तऱ्हेचा असो, मराठी त्याला लिंग आणि प्रत्यय लावून घरचा करून घेते: रॅम कमी पडली, पीडीएफ पाठवली, यूएसबीत टाकले.

अर्थ मात्र वाटेत घसरतात. सीपीयू म्हणजे सेंट्रल प्रोसेसिंग युनिट, आकडेमोड करणारी तळहातापेक्षा लहान चिप. बोलण्यात मात्र टेबलाखालची अख्खी पेटी म्हणजे सीपीयू. ‘सीपीयू साफ करून द्या’ असे सांगणाऱ्याला दुकानदार दुरुस्त करायला जात नाही. तो पेटी उघडून पंख्यावरची धूळ झटकतो. ‘पिन नंबर’ म्हणताना ‘नंबर’ दोनदा येतो, कारण पिनमधला शेवटचा ‘एन’ म्हणजे नंबरच. वाय-फाय तर लघुरूप नाहीच. ते व्यापारी नाव म्हणून बनवलेले आहे. ‘वायरलेस फिडेलिटी’ हा विस्तार मागाहून चिकटला.

खिशाला चाट लावणारी गफलत एमबीपीएसची, म्हणजे इंटरनेटचा वेग मोजायच्या ‘मेगाबिट प्रति सेकंद’ या एककाची. यातले ‘बी’ बिटचे आहे, बाइटचे नव्हे, आणि एका बाइटमध्ये 8 बिट असतात. म्हणून 100 एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला फार तर 12.5 मेगाबाइट या वेगाने उतरते. कंपनी फसवते अशी तक्रार पुष्कळदा या एका अक्षरापाशी मिटते. नेहमीच मिटते असे नाही.

टास्कबार घराघरात पोचला तो 24 ऑगस्ट 1995 रोजी आलेल्या विंडोज 95 मुळे. त्याआधीच्या विंडोज 3.1 मध्ये लहान केलेली खिडकी चिन्ह होऊन पडद्याच्या तळाशी पडे आणि दुसरी खिडकी मोठी केली की तिच्याखाली गडप होई. पट्टीने ही शोधाशोध थांबवली. 2009 च्या विंडोज 7 ने प्रोग्राम पट्टीवर कायमचा टाचून ठेवायची, म्हणजे पिन करायची सोय दिली. हा पिन वेगळा, त्याचा नंबराशी संबंध नाही.

पट्टी आपल्या सोयीची करणे फार अवघड नाही. तिच्यावरच्या मोकळ्या जागी राइट क्लिक केले की सेटिंग्जचा रस्ता सापडतो. टाचलेली चिन्हे ओढून मागेपुढे करता येतात. डावीकडून पहिले चिन्ह विंडोजची कळ आणि 1 दाबून उघडते, दुसरे 2 ने. विंडोज 10 पर्यंत पट्टी ओढून पडद्याच्या चारही कडांना नेता येत असे. 2021 साली विंडोज 11 आले तेव्हा ती मोकळीक गेली आणि चिन्हे मधोमध आली. ती पुन्हा डावीकडे न्यायची तर टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ‘अलाइनमेंट’ बदलावे लागते. मधली मांडणी दिसायला बरी, पण पंचवीस वर्षे डाव्या कोपऱ्यात जाणारा हात सहज वळत नाही.

प्रवेशअर्जांच्या दिवसांत सायबर कॅफेत हमखास ऐकू येते: ‘भाऊ, खालची पट्टी दिसूनच नाही राहिली!’ अशा वेळी भाऊ आधी एफ 11 दाबतो, कारण बहुतेकदा ब्राउझर पूर्ण पडदाभर पसरलेला असतो. त्याने भागले नाही तर माउस तळाशी नेऊन पाहतो. पट्टी वर सरकून आली, तर कोणीतरी ती आपोआप लपण्याची खूण लावून ठेवली आहे. आणि पट्टी दिसते पण हलतच नाही, असे झाले तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि पट्टी चालवणारा ‘विंडोज एक्सप्लोरर’ रीस्टार्ट करायचा. संगणक बंद करावा लागत नाही. तो विंडोज 10 चा असला तर भाऊ जाताजाता ‘लॉक द टास्कबार’ वर टिचकी मारून जातो, म्हणजे पुढचे गिऱ्हाईक ती ओढून नेणार नाही.

उजवा कोपरा हे लघुरूपांचे खरे ठाणे. लॅनची (जवळच्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याची) तार सुटली, पेन ड्राइव्ह सुरक्षित काढायचा आहे, सगळे तिथेच कळते. न दिसणारी चिन्हे बारीक बाणामागे दडलेली असतात. एकाहून अधिक कळफलक जोडलेले असतील, तर घड्याळाशेजारी चालू भाषेचे लघुरूप दिसते. एमएस-सीआयटीच्या वर्गात किंवा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी मजकुराच्या मधेच इंग्रजी अक्षरे उमटू लागली, तर कळफलक बिघडला असे समजण्याआधी इथे पाहावे. ‘ईएनजी’ दिसले की विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबायचा.