एकाच मायक्रोआरएनएचे अनेक वाटेकरी

उंदरांच्या शरीरात पीटेन नावाच्या प्रथिनाचे प्रमाण नेहमीच्या ८० टक्क्यांवर आणले, तर तेवढ्यानेही त्यांना गाठी होऊ लागतात, असे बोस्टन येथील पिएर पाओलो पांडोल्फी यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली दाखवून दिले. हे प्रथिन पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालते. इथे ते नाहीसे झालेले नाही, सदोषही नाही, फक्त पाचव्या हिश्शाने कमी आहे. कर्करोग म्हटला की जनुकातला बिघाड शोधायची आपल्याला सवय असते. पण ज्या प्रथिनाची एवढी घटही सोसत नाही, त्याचे प्रमाण पेशी कशी सांभाळते, हा प्रश्न मला त्या बिघाडाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जनुकातील माहितीवरून आधी संदेशवाहक आरएनए तयार होतो आणि त्यावरून प्रथिन. या दोन टप्प्यांच्या मध्ये मायक्रोआरएनए काम करतात. त्यांची लांबी जेमतेम २२ अक्षरांची असते. त्यातील सहा ते आठ अक्षरे संदेशाच्या शेवटच्या भागातील पूरक अक्षरांशी जुळली, की त्या संदेशावरून प्रथिन बनणे मंदावते आणि संदेशही लवकर नष्ट होतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत हे प्रथम उलगडले आणि त्याबद्दल त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुळणी इतक्या थोड्या अक्षरांची असल्यामुळे एका मायक्रोआरएनएला शेकडो संदेश लागू पडतात. मात्र तो एका संदेशाला बिलगलेला असताना दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही, म्हणजेच हे सगळे संदेश एकाच साठ्याचे वाटेकरी ठरतात.

पीटेनचा असाच एक वाटेकरी आपल्या नवव्या गुणसूत्रावर आहे. पीटेनचे मूळ जनुक दहाव्या गुणसूत्रावर असते. नवव्यावर आहे ती त्याची जुनी प्रत, पीटेनपी१. या प्रतीत प्रथिनाची सुरुवात दाखवणारा संकेतच बदललेला असल्याने तिच्यापासून प्रथिन बनत नाही. अशा प्रतींना छद्मजनुके म्हणतात आणि दीर्घकाळ त्यांची गणना निरुपयोगी अवशेषांत होत आली. परंतु पीटेनपी१ पासून आरएनए बनतो, आणि पीटेनच्या संदेशावर ज्या मायक्रोआरएनएंच्या जागा आहेत, त्यांपैकी बऱ्याच त्याच्यावरही टिकून आहेत. २०१० मध्येच लॉरा पोलिसेनो आणि सहकाऱ्यांनी पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या पेशींत या आरएनएचा शेवटचा भाग मुबलक प्रमाणात तयार करवला, तेव्हा पीटेन वाढले आणि पेशींची वाढ मंदावली. छद्मजनुकाच्या आरएनएने मायक्रोआरएनए स्वतःकडे गुंतवून ठेवले होते. मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत हे छद्मजनुक गमावलेले आढळते, ही गोष्ट या निष्कर्षाशी जुळणारी होती.

पुढच्या वर्षी याच गटाने व्यापक गृहीतक मांडले. पेशीतील संदेशवाहक आरएनए, छद्मजनुकांचे आरएनए आणि प्रथिन न बनवणारे लांब आरएनए हे सामाईक मायक्रोआरएनएंसाठी स्पर्धा करतात, आणि त्यामुळे एकाचे प्रमाण बदलले की दुसऱ्याचेही बदलते. अशा आरएनएंना स्पर्धक अंतर्जात आरएनए म्हणतात.

या कल्पनेचे सर्वात देखणे उदाहरण मात्र त्याआधीच, २००७ मध्ये, स्पेनमधील संशोधकांना अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत सापडले होते. स्फुरद कमी पडला की ही वनस्पती मायक्रोआरएनए ३९९ वाढवते. तो पीएचओ२ या जनुकाचा संदेश कापतो आणि त्यामुळे पानांकडे अधिक स्फुरद पोहोचतो. त्याच वेळी आयपीएस१ नावाचा आरएनएही वाढतो आणि याच मायक्रोआरएनएला जुळतो. पण नेमका जिथे काप बसायचा, त्या दहाव्या आणि अकराव्या अक्षरांच्या मध्ये त्याच्यात तीन जादा अक्षरांचा फुगवटा आहे. काप बसत नाही आणि मायक्रोआरएनए तिथेच अडकून राहतो. संशोधकांनी हा फुगवटा दुरुस्त करून जुळणी बिनचूक केली, तेव्हा आयपीएस१ कापला जाऊ लागला आणि त्याची अडवण्याची क्षमता गेली.

प्राण्यांच्या पेशींत हिशेब इतका सरळ नाही. मार्कुस श्टोफेल आणि डेव्हिड बार्टेल यांच्या गटांनी २०१४ मध्ये उंदरांच्या यकृतपेशींत मायक्रोआरएनए १२२ साठी जादा जागा हळूहळू वाढवत नेल्या. इतर संदेशांवरची त्याची पकड सैल होण्यासाठी एका पेशीत सुमारे दीड लाख जादा जागा घालाव्या लागल्या. एखाद्या जनुकाचा संदेश आजारात कितीही वाढला, तरी सहसा एवढी मजल मारत नाही. माझ्या मते या विषयातील कोणताही दावा याच कसोटीवर तपासायला हवा. संगणकाने जुळणाऱ्या जागा शोधायच्या, पेशीत एक आरएनए कृत्रिमरीत्या प्रचंड वाढवायचा आणि त्यावरून रोगाचे कारण सांगायचे, अशा निबंधांची या क्षेत्रात रीघ लागली आहे; त्यांत आरएनएच्या प्रतींची प्रत्यक्ष मोजणी फार क्वचित दिसते.

जिथे प्रती खरोखरच भरपूर असतात, तिथे काय घडते? हिपॅटायटिस सी विषाणूचा आरएनए यकृतपेशीत मोठ्या संख्येने वाढतो आणि तो स्वतःच्या टिकावासाठी मायक्रोआरएनए १२२ ला आपल्या सुरुवातीच्या टोकाशी बांधून घेतो. असा संसर्ग झालेल्या पेशींत त्या मायक्रोआरएनएची पेशीच्या स्वतःच्या संदेशांवरची पकड सैल होते, असे २०१५ मध्ये प्रयोगात दिसले.

सीडीआर१एएस हा मेंदूतील वर्तुळाकार आरएनए दुसरे मोठे उदाहरण मानला जात होता, कारण त्याच्यावर मायक्रोआरएनए ७ साठी ७० हून अधिक जागा आहेत. २०१७ मध्ये बर्लिनच्या निकोलाउस रायेव्स्की यांच्या गटाने तो उंदरांतून काढून टाकला. तो साठा अडवून ठेवत असेल, तर मायक्रोआरएनए ७ मोकळा होऊन अधिक प्रभावी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मेंदूतील त्याचे प्रमाण घटले, त्याच्या काही संदेशांचे प्रमाण वाढले आणि लागोपाठच्या आवाजांना उंदरांचा प्रतिसाद बिघडला. पुढच्या वर्षी बार्टेल यांच्या गटाने दाखवले की सायरानो नावाचा दुसराच एक लांब आरएनए मायक्रोआरएनए ७ नष्ट करवतो. त्या आरएनएवर यासाठी अशी एकच जागा आहे, पण तिथली जुळणी जवळजवळ पूर्ण आहे.